मास्टर कुणाकडे आहे? मैफिलींच्या भरलेल्या कॅसेटी आणि आपला मराठवाडा

कोरी_कॅसेट

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. आत ११२ कॅसेटी. दुकानातून आणलेल्या त्यात पंधराएक असतील, बाकी सगळ्या भरलेल्या. (नव्या पोरांसाठी: तेव्हा कॅसेट 'रेकॉर्ड' करत नसत, 'भरत' असत. हंडा भरावा तशी.)

१९८० ते १९९५ या काळात आमची एक मंडळी होती. परभणी, सेलू, अंबाजोगाई, नांदेड, औरंगाबाद असे विखुरलेलो. दोघे मास्तर, एक बँकेत, एक एसटीत कंडक्टर, एक पानपट्टीवाला. पानपट्टीवाल्याइतका कान आमच्यात कुणाचाच नव्हता. काम एकच: कुठं बैठक असली की टेप घेऊन जायचं, बुवांची परवानगी काढायची, भरायचं आणि मग एकमेकांना द्यायचं.

पुण्याला १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव. तिथल्या माणसाचं एक साल चुकलं तर पुढच्या साली ऐकायला मिळे. आमच्याकडं मोठा गवई एकदा येऊन गेला की परत कधी येईल याचा भरवसा नसे. मग वर्षभर त्याच कॅसेटवर काढायचं. म्हणून हा नाद आपल्याकडं जास्त होता असं माझं मत आहे. पुणेकरांनी भांडावं.

नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. एकास एक. तुझ्याकडं देण्यासारखं काही नसेल तर दोन कोऱ्या आण. एकीत तुला भरून मिळेल, दुसरी भरणाऱ्याची. पैसे घेतले की मंडळीतून बाहेर. बैठकीत भरलेली ती मास्टर, तिच्यावरून भरली ती लेक, लेकीवरून भरली ती नात. पणतीच्या पुढं सहसा कुणी घेत नसे, कारण तिथं तानपुरा कुठला आणि फितीची खरखर कुठली हे कळेनासं होतं. नवा माणूस पेटी उघडून बसला की पहिला प्रश्न 'कोण गातंय' हा नसायचा. 'कितवी?' हा असायचा.

पार्सल जायचं ते कंडक्टरभाऊंच्या हातून. सकाळच्या परभणी गाडीत कॅसेट, संध्याकाळच्या गाडीत निरोप.

आता विनंती. १९८७ ची कोजागिरी, सेलूतल्या एका वाड्याच्या गच्चीवरची बैठक. आधी मालकंस, मधेच लाईट गेली, शेवटी भैरवी. गवयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना अजून विचारलेलं नाही. कुणाकडं लेक, नात, काहीही असेल तर कळवा.

काळीदोन

वा, काय आठवण काढलीत! आमच्याकडं जालन्यात लेक-नात नव्हतं, 'एक नंबरची', 'दोन नंबरची' म्हणत. दोन नंबरची म्हटलं की बाहेरच्याला भलताच संशय यायचा.

माझे वडील रेडिओवरून भरायचे. शनिवारी रात्री साडेनऊचा आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, १९५२ पासून चालत आलेला. सव्वानऊला घरात संचारबंदी. ट्यूबलाईट बंद, कारण तिची घरघर फितीत उतरायची. मिक्सरचं तर नावच नको. आईनं एकदा विलंबित चालू असताना फोडणी दिली. मोहरीचा तडतडाट अजून त्या कॅसेटवर आहे, आणि तो समेवर आलाय असं वडील शेवटपर्यंत सांगायचे.

गोदाकाठ

वाचायलो. जोरदार धागा.

पंचेचाळीस मिनिटांचं दुखणं कुणीच लिहिलं नाही. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. बुवा काय घड्याळ लावून गातात का? द्रुत रंगात आलं, तान वर चढायली, की आपलं खटकन बटण उडायचं. पुढच्या रांगेतले सगळे वळून बघायचे. पलटी मारून परत लावस्तोवर तिहाई होऊन गेलेली. नांदेडात आम्ही मग दोन टेप लावायलो. दुसरा पहिल्याच्या वीस मिनिटं मागून चालू करायचा. एक पलटताना दुसरा चालू राहतो. नंतर घरी दोन्ही जुळवत बसायचं, बायको म्हणायची संसार जुळवा आधी.

लाईनीतून भरायचं असलं तर साउंडवाल्याला आधी चहा. अहुजाच्या मशीनला मागं आउटपुट असायचं, तिथनं वायर ओढली की बुवांचा आवाज लख्ख, पण श्रोत्यांची वाहवा गायब. मला ते आवडत नव्हतं. वाहवा पाहिजेच.

नवखा_२००४

मी कॅसेट फक्त आजोबांच्या कपाटात पाहिली आहे. त्यांच्याकडे साठेक आहेत, कीर्तनं आणि भजनं. काही वाजत नाहीत, काही भुताचा आवाज काढतात. संगणकात कशा घ्यायच्या? आणि एक मूर्ख प्रश्न: काही ठिकाणी गाणं सुरू व्हायच्या आधीच ते अगदी हळू ऐकू येतं. का?

ॲझिमथ

मूर्ख नाही, फार चांगला प्रश्न. फीत गुंडाळलेली असते आणि एका वेढ्याची चुंबकी छाप शेजारच्या वेढ्यावर हलकी उमटते. वर्षानुवर्षं न वाजवता ठेवली की जास्त. म्हणून शांततेच्या जागी पुढच्या तानेची सावली आधी पडते. फीत पातळ तेवढा हा त्रास जास्त. साठच्या कॅसेटची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड, नव्वदची १२, एकशेवीसची ९. एकशेवीसची घेणाऱ्याला आम्ही कंजूष म्हणायचो. ती ताणते, गुंतते आणि पिंच रोलरभोवती (फीत ओढणारं रबरी चाक) शेवया होतात.

आता आजोबांच्या कॅसेटी. पहिलं काम, पाठीवरच्या दोन्ही खुट्ट्या मोडल्यात का बघ. नसतील तर आत्ता मोड, म्हणजे चुकून कुणी वर भरणार नाही. (मोडलेल्या भोकावर चिकटपट्टी लावली की परत भरता येतं, हे त्या काळी शाळेतल्या पोरालाही माहीत होतं.) पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नकोस, हेडवरून (टेपमधला फीत वाचणारा भाग) ती पुढच्या कॅसेटीत जाईल. ती बाजूला ठेव, जाणकाराला दाखव. बाकीच्या आधी एकदा पुढं आणि मागं पूर्ण गुंडाळून घे. आतला दाब देणारा फेल्टचा तुकडा पडला असेल तर पाच स्क्रूचं दुसरं खोकं घेऊन फीत त्यात बसव. चिकटवलेलं खोकं असेल तर कडेनं हलक्या हातानं फोडावं लागतं.

भुताचा आवाज दोन कारणांनी. एक, तुझ्या टेपचा रबरी बेल्ट सैल झालाय. दोन, हेडचा कोन. ज्या टेपवर भरलं त्याच्या हेडचा कोन आणि तुझ्या हेडचा कोन जुळत नाही, मग सगळं कांबळ्याआडून गायल्यासारखं वाटतं. हेडशेजारी बारका स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवायचा, झांज किंवा टाळ सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथं थांबायचं. प्रत्येक कॅसेटीला वेगळा. कीर्तनात टाळ असतातच, तुझं काम सोपं आहे. हेडच्या या कोनाला ॲझिमथ म्हणतात, माझं आयडी त्या स्क्रूवरूनच घेतलंय.

हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, अत्तर-कोलन नको. भरताना एमपी३ करू नकोस, डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक ठेव. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला एका बाजूचे साधारण पावणेपाचशे एमबी होतात. साठ कॅसेटींचं सगळं एका साध्या हार्डडिस्कवर बसतं, पण दोन प्रती कर आणि दोन घरांत ठेव. आणि कॅसेटी माळ्यावर ठेवू नका रे. मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ अंश होतं, पत्र्याखाली किती होत असेल!

सॅनहोजेकर

मूळ नांदेडचा, आता कॅलिफोर्नियात. तुमचा 'दोन कोऱ्या आण' हा नियम इथंही होता हे वाचून मजा वाटेल. ग्रेटफुल डेड नावाचा बँड होता, त्यांच्या चाहत्यांची पन्नास वर्षांपासून हीच मंडळी. ज्याच्याकडं बदल्यात द्यायला काही नाही त्यानं कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवायचा. पैसे घेणं महापाप. १९७४ ला तर फक्त या देवाणघेवाणीसाठी एक पत्रक निघालं, त्याचं पुढं रेलिक्स नावाचं नियतकालिक झालं. १९८४ पासून बँडनं स्वतःच भरणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागा ठेवली. मायक्रोफोनच्या काठ्यांचं जंगल असायचं तिथं.

त्यांच्यात मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल काशीसारखी. ती ध्वनिमुद्रणं बँडच्याच बेटी कँटर-जॅक्सन या बाईंनी केलेली. पुढं त्यांच्या फितींचा साठा भाड्याच्या गोदामातून लिलावात गेला आणि चाहत्यांच्या हाती लागला.

जलशाचा_पोऱ्या

धागा छान आहे पण मघापासून एक खटकतंय. मैफल म्हणजे फक्त मालकंस का? भरणारे फक्त गच्चीवरचेच होते का?

आमच्या वस्तीत, औरंगाबादेत, कॅसेटी भरल्या त्या जलशाच्या. १४ एप्रिलच्या आधीपासून महिनाभर गायन पार्ट्या, कव्वालीचे सवाल-जवाब, रात्रभर. वामनदादा कर्डक यायचे. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगतो, दादांची गाणी हजारोंनी, आणि ती आधी माणसांच्या तोंडात राहायची, कागदावर मागाहून. स्टेजवर उभ्या-उभ्या कडवं फिरवायचे. समोर बाया बसलेल्या दिसल्या की त्यांच्यासाठी ओळ, पोरं बसली की पोरांसाठी. ते कडवं त्या रात्रीपुरतंच. दुसऱ्या गावात दुसरं. मग टेप लावला नसता तर ते गेलंच असतं ना?

माझा चुलता हातगाडीवर भाजी विकायचा. त्याच्याकडं फिलिप्सचा एक स्पीकरवाला टेप. तो स्टेजच्या बांबूला सुतळीनं बांधायचा. आवाजात बांबूचा करकराट आहे, खालच्या बाळाचं रडणं आहे, मधेच 'पैठणच्या पाव्हण्यांनी मोटरसायकल बाजूला घ्यावी' आहे. सकाळी ती कॅसेट घेऊन कुणीतरी गंगापूरला जायचा, तिथून वैजापूर, तिथून कुठं ते आम्हाला पण माहीत नसायचं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याची, नामांतराची ती वर्षं. १९७८ ला ठराव झाला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. तेवढ्या काळात ज्या गावांत जलसा करणं जड होतं, तिथं कॅसेट जायची. बंद घरात, आवाज बारीक करून ऐकायची.

आमच्याकडं 'कितवी' असं कधीच कुणी विचारलं नाही. पणतीची पणती असायची. खरखरीतून शब्द कळले म्हणजे झालं, पोरगं वहीत लिहून घ्यायचं आणि पुढच्या साली स्वतःच गायचं. भरणाऱ्यानं द्यायलाच पाहिजे, मागायला लागलं तर त्याची लाज. तुमच्या मंडळीत मास्टर कुलपात ठेवायचे म्हणे. चुलत्याची मास्टर कुठली हे मला आज सांगता येणार नाही, पण ते गाणं चार जिल्ह्यांत आहे.

काळीदोन

+१. खरखरीला इतकं महत्त्व आम्ही देत होतो ते बरोबरच होतं का, असा प्रश्न पडला.

कोरी_कॅसेट

@जलशाचा_पोऱ्या, मान्य. मूळ धाग्यात फक्त आमच्या मंडळीचं लिहिलं, ते अपुरंच होतं. कुलपाचं मात्र लागलं. त्यावर नंतर लिहितो.

वकील_लातूर

कायद्याचा विषय निघणारच, म्हणून थोडक्यात. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात गाणाऱ्याच्या प्रत्यक्ष सादरीकरणावर त्याचा स्वतःचा असा हक्क मुळात नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीनं आला, अंमल १० मे १९९५ पासून. आधी मुदत २५ वर्षं होती, १९९९ ला ५० केली. घरी ऐकण्यासाठी भरणं वेगळं आणि इंटरनेटवर चढवणं वेगळं. १९९५ च्या आधीच्या बैठकांबद्दल कोर्टात दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण त्यात मजा फक्त वकिलांना. घरच्यांना विचारा. आणि गीत-चाल दुसऱ्या कुणाची असेल तर त्यांचा हक्क वेगळा असतो, हे विसरू नका.

उमरगेकर

माझ्याकडं एक आहे. किल्लारीजवळच्या आमच्या मामाच्या गावचं भजन, अनंत चतुर्दशीची रात्र, १९९३. विसर्जन उरकून मंडळी देवळात बसली होती. मामानं भरलं. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना भूकंप झाला. टेपचा चुरा झाला, कॅसेट आतून निघाली. खोकं तडकलंय, फीत आहे.

बदल्यात द्यायची नाही. ॲझिमथ, तुम्ही लिहिलंय ते पाच स्क्रूचं खोकं कुठं मिळेल तेवढं सांगा.

ॲझिमथ

विकत घेऊ नका. माझ्याकडं चांगली खोकी आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. मी उमरग्याला येतो, फीत पोस्टानं पाठवू नका.

गोदाकाठ

कोरी_कॅसेट, एक विचारू का? रागावू नका. तुम्ही परभणीत स्टेशनच्या बाजूला वरच्या मजल्यावर राहायचात का? बँकेत? १९८९ ला, पावसाळ्यात, एक पोरगा नांदेडहून आल्ता तुमच्याकडं, दोन कोऱ्या टीडीके घेऊन. तुम्ही चहा पाजला, चिवडा दिला, तासभर मालकंसावर बोललात. कॅसेट मागितली तर म्हणालात, "मास्टर आहे, घराबाहेर जात नाही, आणि घरात मी अजून लेक काढलेली नाही." तो मी.

परतीच्या गाडीत त्या दोन कोऱ्या मांडीवर घेऊन बसल्तो. अजून आठवतं.

कोरी_कॅसेट

तो मीच.

कुलपाचं लिहितो म्हणालो होतो, ते आता लिहून टाकतो. त्या मास्टरची मी एकही लेक काढली नाही. भरताना फीत घासते, डबल डेकवाल्याकडं दिली तर तो स्वतःसाठी एक काढून घेईल, अशी कारणं सांगायचो. खरं कारण, 'सेलूची कोजागिरी फक्त याच्याकडं आहे' असं लोक म्हणायचे ते मला गोड लागायचं. आणि खुट्ट्या मोडल्या नव्हत्या. इतकी जपायची वस्तू, तिची पाठ कशाला मोडायची, असं वाटायचं. १९९६ ला लेकीच्या शाळेत पसायदानाची स्पर्धा होती. तिला सराव करून ऐकायचं होतं. पेटीतली जी हाताला लागली ती तिनं घेतली. मालकंसाच्या विलंबितावर वीस मिनिटं पसायदान आहे. छान म्हटलंय, दुसरा नंबर आला होता. उरलेल्या फितीवर आता पांढरी बुरशी. तिला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

गोदाकाठ, तुमची माफी मागतो.

फीतवाला

नमस्कार. आठ वर्षं नुसता वाचतो, पहिल्यांदा लिहितोय. परभणीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. १९८८ च्या उन्हाळ्यात कोरी_कॅसेट साहेबांनी नॅशनलचा टू-इन-वन दुरुस्तीला टाकला, मोटर अडकत होती. कॅसेट आतच राहिलेली. मोटर झाल्यावर तपासायला म्हणून लावली आणि दुकान बंद करायचं विसरलो. त्या रात्री डबल डेकवर एक काढली. साध्या वेगानं काढली, हाय-स्पीडनं नाही. मेलट्रॅकची नव्वद होती.

साहेबांना सांगायचं धाडस झालं नाही. तुमचा नियम माहीत होता. माझ्याकडून ती फक्त एकाच माणसाला गेली, कंडक्टरभाऊंना. दुकान बंद केलं तेव्हा माझी स्वतःची भंगारात गेली.

गोदाकाठ

थांबा थांबा. कंडक्टरभाऊंनी मला १९९० ला एक दिल्ती. वर नुसतं 'सेलू, कोजा., मालकंस'. ती विलंबिताच्या मधूनच सुरू होती म्हणून मी दुसरीच कुठली धरून बसलो.

कोरी_कॅसेट

मी मास्टर चालूच उशिरा केली होती. मधूनच सुरू होते!

एक विचारतो. लाईट गेल्यावर बाई काय ओरडतात?

गोदाकाठ

"अहो, दूध उतू चाललंय!" मग बुवा हसतात आणि हसत-हसतच समेवर येतात.

कोरी_कॅसेट

तीच.

काळीदोन

अंगावर काटा आला. गोदाकाठ, आधी खुट्ट्या मोडा.

गोदाकाठ

१९९० लाच मोडल्यात, साहेबांसारखा नाही मी. (हलके घ्या.) रविवारी ॲझिमथकडं घेऊन जायलोय.

ॲझिमथ

झालं. नात असूनही आवाज अपेक्षेपेक्षा बरा आहे, फीतवाल्यांचा डेक चांगला होता. ९० मिनिटांपैकी ८८ मिळाली. फाइल फक्त कोरी_कॅसेट यांना पाठवली आहे, पुढचं घरच्यांच्या परवानगीनंतर.

एक अडचण आहे. पहिल्या बाजूला बुवा काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) आहेत. दुसऱ्या बाजूला सूर हळूहळू चढत जातो आणि भैरवी संपताना जवळजवळ पांढरी दोन, लगेच पुढची पट्टी. म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास वेग वाढलाय. भरताना सेल उतरत गेले असणार. टेप हळू फिरला, म्हणून आता पळतोय. तानपुरा धरून सगळं काळी एकवर सरळ करता येईल, दोन दिवसांचं काम. करू का?

कोरी_कॅसेट

लाइटवर लावला की घूंऽऽ येते म्हणून मी पहिल्यापासून सेलवरच लावला होता. सहा मोठे सेल. नवे आणायचे होते, पण आधीच्या आठवड्यातलेच घातले.

एक प्रत सरळ करून बुवांच्या घरच्यांसाठी द्या. त्यांच्या मुलाशी काल बोलणं झालं, त्यांना ऐकायचंय. जलशाचा_पोऱ्या यांना पण द्यायची का, असं मीच त्यांना विचारलं, ते हो म्हणाले.

माझ्याकडची आहे तशीच राहू द्या. सेल माझेच होते.